कॉम्प्युटर गेला, हिशेब राहिला

आज आम्ही बोलणार आहोत घरातल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. तो एक दिवस कायमचा बंद पडतो, तेव्हा गटानं काय करायचं, याबद्दल.

कुणी म्हणेल, आता कॉम्प्युटर कुठं राहिला, सगळं मोबाईलवर आलंय. पण जरा आठवून बघा. २००१ साली राज्यात एमकेसीएल सुरू झालं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटीचा कोर्स गावोगावी पोचला. सरकारी नोकरीला तो कोर्स लागतो म्हटल्यावर पोरापोरींनी फी भरली. मग सरावाला घरी कॉम्प्युटर पाहिजे. कुणी उसाच्या बिलातून आणला, कुणी मेंढरं विकून आणला. पुढं पोरगा पुण्याला गेला, नाहीतर गलाईच्या धंद्यात पार केरळ-तामिळनाडूला गेला, आणि कॉम्प्युटर घरी राहिला. त्यावर क्रोशाचा रुमाल पडला, रुमालावर गणपतीचा फोटो बसला. आईला त्याला हात लावायची मुभा होती ती फक्त फडक्यानं.

बचत गट आले आणि हे बदललं. पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवं लेखे. हे पाचवं सगळ्यात जड. बारा जणींची बचत, प्रत्येकीचं कर्ज, त्याचं व्याज, दंड, बँकेचा भरणा, सगळं हातानं लिहायचं आणि बेरीज जुळवायची. मग एखाद्या गटातली शिकलेली सून म्हणाली, आमच्या घरी कॉम्प्युटर पडून आहे, त्यात घालू. एक्सेलमध्ये बेरीज आपोआप होते हे बघून बायका दारात उभ्या राहून हसायच्या. आमच्या माहितीतल्या अनेकजणींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप केलं ते अशाच एखाद्या घरच्या, पोरानं मागं टाकलेल्या कॉम्प्युटरवर. म्हणून तो बंद पडला की नुसतं यंत्र बंद पडत नाही. घरातले पुरुष म्हणतात, टाका भंगारात. पण बाईचा पाय निघत नाही, आणि त्याला कारण असतं.

आता तो बंद कसा पडतो ते सांगतो. चांगला चालता कॉम्प्युटर अचानक गेला असं क्वचित होतं. बहुतेक वेळा तो आधी काही महिने खुणा देत असतो.

पहिली खूण तारखेची. चालू केला की वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. आत मदरबोर्डवर नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, घड्याळ तिच्यावर चालतं, ती संपलेली असते. किरकोळ पैशात मिळते, बदलायला पाच मिनिटं लागतात. पण नाही बदलली, तर बँकेचं पान उघडत नाही आणि आपल्याला वाटतं इंटरनेट बिघडलंय. शिवाय रोकडीत तारीख आपोआप पडत असेल तर ती भलत्याच सालाची पडते.

दुसरं, चालू करताना लांबट शिट्टी वाजते आणि पडद्यावर काहीच येत नाही. बरेचदा रॅमची पट्टी सैल झालेली असते, नाहीतर तिच्या सोनेरी दातांवर मळ चढलेला असतो. प्लग काढून, पट्टी बाहेर काढून, दात पेन्सिलच्या खोडरबरानं हलके पुसून परत बसवली की कित्येकदा कॉम्प्युटर चालू होतो. हे काम आपल्याला येण्यासारखं आहे. एकदा मेकॅनिककडून दाखवून घ्या.

तिसरं, बटण दाबलं तरी काहीच नाही, पंखासुद्धा फिरत नाही. मग एसएमपीएस गेला असण्याची शक्यता जास्त. म्हणजे मागच्या बाजूची, वायर लागते ती लोखंडी पेटी. आपल्याकडं हे वळवाच्या पावसात फार होतं. वीज कडाडते, लाइट जाते, येताना झटक्यानं येते. ढग दिसले की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि अर्थिंग तपासून घ्या. माणदेशातली जमीन खडकाळ, उन्हाळ्यात कोरडीठाक, तिथं अर्थिंग नीट लागत नाही. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला आणि मुंग्या आल्या, तर अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता आणि वायरमनला बोलवा. एसएमपीएसची पेटी मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात काही वेळ करंट साठून राहतो. जुना, पोट मोठं असलेला मॉनिटर असतो त्याचंही तसंच.

चौथी खूण सगळ्यात वाईट. आतून टक्-टक्, टक्-टक् आवाज येतो. ती हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावरून एक टोक तिच्यावरून वाचत जातं. ते टोक तबकडीला लागायला लागलं की आपला सगळा हिशेब खरवडला जातो. आवाज आला की लगेच बंद करायचा आणि परत चालू करून बघायचा मोह टाळायचा. "एकदाच बघते, चालतोय का" असं म्हणत पाच वेळा चालू केला, तर पहिल्या वेळी जे वाचलं असतं ते पाचव्या वेळी हाती लागत नाही.

या सगळ्याबरोबर एक गोष्ट असते जी बिघाड नसते, पण दुकानदार तिला बिघाड म्हणून सांगतो. विंडोज एक्सपीला कंपनीनं ८ एप्रिल २०१४ ला पाठिंबा थांबवला, विंडोज सेव्हनला १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज टेनला १४ ऑक्टोबर २०२५ ला. याचा अर्थ त्या दिवशी मशीन बंद पडलं असा नाही. त्यातली भोकं बुजवायचं काम कंपनीनं थांबवलं, एवढाच अर्थ. अशा मशीनवर बँकेचा व्यवहार, ओटीपी, असलं काही करू नका. पण इंटरनेटची वायर काढून नुसता हिशेब लिहायला ते अजून चालतं.

आता एका गटाची हकिकत सांगतो. म्हसवड-दिघंची हा रस्ता आपल्याला माहीत आहे. या बाजूला सातारा जिल्हा, थोडं पुढं गेलं की सांगली. त्या भागातला आमच्याकडचा बारा जणींचा गट. गावाचं नाव घेत नाही, बायकांनी तसं सांगितलंय. कॉम्प्युटर खजिनदार वहिनींच्या घरी, त्यांच्या मुलाच्या एमएस-सीआयटीच्या वेळचा. एकदा एसएमपीएस बदललेला, दोनदा माऊस. गटाची रोकड आणि कर्जखाती त्यात. प्रत्येकीचं पासबुक वेगळं, ठराव वही वेगळी, ती हातानं लिहिलेली. बँकेचं तीन लाखांचं नवीन कर्ज मंजुरीला आलेलं. दोघींना म्हशी घ्यायच्या होत्या, एकीला पिठाची गिरणी. बँकेच्या साहेबांनी मागच्या दोन वर्षांचे लेखे आठ दिवसांत आणायला सांगितले, आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बसला. पंखा फिरायचा, पडदा काळाच.

पहिल्या दिवशी बायका हिशेबाबद्दल बोलल्याच नाहीत. आधी बोलल्या त्या एकमेकींवर. वहिनींच्या घरीच का होता, त्यांच्या सासऱ्यांनी बघू का दिला नाही, असं. आम्हाला वाटतं, यंत्र बिघडल्याचं खरं नुकसान इथं होतं. दहा वर्षं जमवलेला विश्वास एका दुपारी तपासला जातो. गटात एक काकी आहेत, एकट्या राहतात, मोलमजुरी करतात. त्यांनी वीस हजार कर्ज घेतलेलं, महिन्याला हजार मुद्दल आणि शेकडा दोननं उरलेल्या रकमेचं व्याज. त्यांचं पासबुक छपराच्या गळतीत भिजून लगदा झालेलं. त्या एवढंच विचारत होत्या, "माझे हप्ते गेले का गं?" त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अकरा हप्ते भरून झाले होते. दुसऱ्या दोघींना दहाच आठवत होते. हजार-बाराशे रुपयांचा प्रश्न. पण ते काकींच्या सात-आठ दिवसांच्या मजुरीचे रुपये होते.

मग आम्ही बसलो. कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि कागद गोळा केला. बाकी अकरा जणींची पासबुकं, ठराव वही, आणि बँकेतून दोन वर्षांचं खातेउताऱ्याचं स्टेटमेंट. वाद होता तो नोव्हेंबरच्या हप्त्याचा, म्हणून तो महिना उदाहरणाला घेतो. हळू सांगतो, ज्यांच्याकडं वही-पेन आहे त्यांनी लिहून घ्या. त्या महिन्यात गटानं नवीन कर्ज कुणाला दिलं नव्हतं, तसा ठराव वहीत उल्लेखच नव्हता. म्हणजे बैठकीत जमा झालेली सगळी रक्कम बँकेत भरलेली असणार. बँकेच्या स्टेटमेंटवर भरणा दिसत होता ९,१५० रुपये. बारा जणींची बचत प्रत्येकी २००, म्हणजे २,४००. ती वजा केली, राहिले ६,७५०. हे कर्जाच्या परतफेडीचे. ज्यांची पासबुकं शाबूत होती त्यातल्या चौघी कर्जदार, त्यांचे त्या महिन्याचे हप्ते व्याजासकट मांडले, बेरीज आली ५,५५०. ६,७५० मधून ५,५५० गेले, राहिले १,२००. पाचवी कर्जदार कोण? काकी. दहा हप्ते आधी गेलेले, म्हणजे वीस हजारांतले दहा हजार उरलेले. त्यावर शेकडा दोन म्हणजे व्याज २००, अधिक मुद्दल १,०००. बरोबर १,२००. अकरावा हप्ता भरला होता.

काकींनी आकडे काही बघितले नाहीत. त्या म्हणाल्या, "मी तेच सांगत होते की."

असे चोवीस महिने आम्ही तीन दिवसांत उलगडले. सगळे महिने इतके सोपे नव्हते. काही महिन्यांत बैठकीतच कुणाला कर्ज दिलेलं, ती रक्कम बँकेत गेलीच नव्हती, तिथं ठराव वही बघून ती मिळवावी लागली. एका महिन्यात भरणा दोन तुकड्यांत झालेला. पण बँकेचा भरणा हा खांब धरला की बाकीचं त्याला बांधता येतं. हे लक्षात ठेवा. गटाची रक्कम दर महिन्याला बँकेतून फिरत असेल, तर कुठलंही यंत्र गेलं तरी हिशेब परत उभा राहतो. रक्कम कुणाच्या तरी डब्यात राहत असेल, तर तो आधार नाही.

चौथ्या दिवशी तालुक्याच्या गावाहून मेकॅनिक पोराचा फोन आला. मदरबोर्ड गेलाय, पण डिस्क चांगली आहे. हे पुष्कळदा असंच असतं आणि बायकांना ते कुणी सांगत नाही. कॉम्प्युटर मेला म्हणजे आतली माहिती मेली असं नाही. घर पडलं तरी कपाट शाबूत असू शकतं, तसं. डिस्क चार स्क्रूंवर बसलेली असते, ती काढून एका छोट्या केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते. डिस्क फार जुनी असेल तर तिला रुंद चपटी पट्टी असते, तिची केबल वेगळी, ती प्रत्येक दुकानात नसते, विचारून घ्यावं लागतं.

दुकानात देताना पावतीवर एक वाक्य लिहून घ्या: "आतली माहिती हवी आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." आम्ही हे का सांगतोय? शेजारच्या तालुक्यातल्या एका गटानं कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला, दोन दिवसांनी चकाचक होऊन परत आला, नवीन विंडोज, वेगानं चालणारा, आणि आत काहीच नाही. दुकानदार म्हणाला, तुम्ही सांगितलं नव्हतं. दुकानदाराच्या लेखी दुरुस्ती म्हणजे मशीन चालू होणं. आपल्या लेखी दुरुस्ती म्हणजे खाती परत मिळणं. हे दोन वेगळे आहेत आणि तोंडी सांगून भागत नाही.

डिस्क जोडली, फाइल उघडली, आणि पुढं वेगळंच. सगळी नावं इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस यांची खिचडी होऊन आली. वहिनींचा चेहराच उतरला. पण आकडे मात्र जसेच्या तसे होते. याचं कारण फॉन्ट. आपण जुन्या कॉम्प्युटरवर मराठी लिहायचो ती कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये. त्यात 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी कळीचं अक्षर. फॉन्ट म्हणजे त्यावर घातलेलं मराठी लुगडं. नव्या कॉम्प्युटरवर ते लुगडं नसलं की आतलं उघडं दिसतं. मेकॅनिकला सांगून जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरमधून फॉन्टची फाइल घेतली, नव्या मशीनवर बसवली, आणि सगळ्या बाराजणी आपापल्या नावानं परत आल्या. आता मोबाईलवर आपण लिहितो ते युनिकोड, ते कुठंही उघडतं. जुन्या फाइल असतील तर फॉन्टसकट जपा, आणि सवडीनं युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी फुकट मिळणारी साधनं आहेत. जोडाक्षरं मधे मधे चुकतात, नावं एकदा वाचून काढावी लागतात.

कागदावर उलगडलेला हिशेब आणि डिस्कवरचा हिशेब समोरासमोर ठेवला. जुळला. बँकेत आम्ही कागदावरचाच नेला, बारा जणींच्या सह्यांचा. कर्ज मंजूर झालं. काकींना नवीन पासबुक मिळालं, ते आता त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवतात.

कृष्णाकाठच्या बहिणींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. आमच्याकडं पाणी नाही म्हणून त्रास, तुमच्याकडं पाणी येतं म्हणून. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर तुम्ही बघितले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जिथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. घरात छातीएवढं पाणी असताना कॉम्प्युटर कोण बघतं, माणसं आणि जनावरं आधी. पण पाणी ओसरल्यावर एक चूक फार ठिकाणी होते. कॉम्प्युटर धुवून, उन्हात वाळवून, चालतोय का म्हणून प्लग लावतात. असं करू नका. डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गाळाचं पाणी आत जातं. चालू केली की तो गाळ तबकडी घासून काढतो. ओली डिस्क तशीच काढून, पिशवीत घालून, डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडं न्यायची. खर्च मोठा येतो. तो करायचा की नाही हे आत काय आहे त्यावर ठरवा, आणि गटाच्या बैठकीत ठरवा.

वह्या भिजल्या तर मात्र बऱ्याच वाचतात. उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन चिकटतात. सावलीत, पंख्याखाली, दर पाच-दहा पानांत कोरा कागद घालून वाळवा आणि ओला झालेला कागद बदलत राहा. साध्या बॉलपेननं लिहिलेलं टिकतं, शाईचं आणि जेलपेनचं पसरतं. गटाच्या वहीला जेलपेन वापरणाऱ्या सचिव ताईंचं अक्षर सुरेख असतं हे मान्य, तरी बॉलपेनच घ्या.

मग पुढं काय वापरायचं? उमेदच्या गटांची नोंद आता लोकोस ॲपवर होते. नाबार्डनं २०१५ साली ई-शक्ती सुरू केलं, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. म्हणजे गटांची खाती संगणकावर नेण्याचं काम जुनं आहे आणि ते चांगलं आहे. पण ॲपवरची प्रत ही योजनेची प्रत. भांडण झालं, शंका आली, तर गटाच्या हातात गटाची प्रत पाहिजे. आमच्या गटांनी आता असं ठरवलंय: रोकड वही हातानं, बैठकीतच, सगळ्यांसमोर. कॉम्प्युटरवर नंतर. तिमाहीला एक छापील प्रत, जिच्यावर सगळ्यांच्या सह्या. फाइलची एक प्रत वहिनींकडं, एक पेन ड्राइव्हवर सचिवांकडं आणि एक गटाच्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड दोघींना माहीत. पेन ड्राइव्ह वर्षातून एकदा उघडून बघायचा, कारण स्वस्तातले आपोआप मरतात. वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपला टाकला म्हणजे जपला असं धरू नका. मोबाईल बदलला की तो जातो, आणि फोटो बारीक होऊन गेलेला असतो, आकडा तीन आहे का आठ ते कळत नाही.

आणि कॉम्प्युटर चालवणाऱ्या दोघी हव्यात. वहिनी बाळंतपणाला लेकीकडं गेल्या तरी गट चालला पाहिजे. आम्ही सुरुवात केली ती नववी-दहावीतल्या मुलींना बसवून. त्या शिकतात आणि मग आईला शिकवतात. आधी मात्र घरात भांडण होतं, कारण कॉम्प्युटर दादाचा.

दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हेही विचारतात. आमचं मत सांगतो. बॅटरी, रॅम, एसएमपीएस, एवढं बिघडलं तर दुरुस्त करा. मदरबोर्ड गेला आणि मशीन पंधरा वर्षांचं असलं, तर पैसे घालू नका. दुरुस्तीचा खर्च वापरलेल्या चांगल्या कॉम्प्युटरच्या निम्म्याच्या वर जात असेल, तिथं थांबा. वापरलेला घेताना डिस्कच्या जागी एसएसडी आहे का विचारा. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, खडबडीत रस्त्यावरून टेम्पोत आणली तरी धक्का सोसते.

आता मेलेल्या कॉम्प्युटरचं काय? भंगारवाल्याला देण्याआधी डिस्क काढून घ्या. त्यात बारा जणींचे आधार कार्डाचे फोटो, पासबुकं, सह्या असतात. डिलीट केलं म्हणजे गेलं असं नसतं. खतावणीच्या पहिल्या पानावरची अनुक्रमणिका फाडली, तरी आतली पानं राहतात, तसं आहे ते. डिस्क गटाच्या पेटीत ठेवा. नको असेल तर तिला ड्रिलनं आरपार भोकं पाडून घ्या.

बाकीच्या पत्र्याबद्दल विटा-आटपाडीकडच्या बायकांना जास्त सांगायला नको. तुमच्या घरचे भाऊ-दीर देशभर सोनं-चांदी गाळतात, झाडलोटीच्या धुळीतून सोनं काढतात. कॉम्प्युटरच्या बोर्डावरच्या पिनांवरही सोन्याचा पातळ थर असतो, हे त्यांना ठाऊक आहे. पण ते घरच्या अंगणात तेजाबात बुडवून काढायचं काम नाही. वायरी जाळून तांबं काढणंही तसंच, तो धूर आधी चुलीजवळच्या लेकरांच्या छातीत जातो. जुन्या मोठ्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, ती फोडून उकिरड्यावर टाकू नका, पावसात ते विहिरीकडं येतं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, माल विकणाऱ्या कंपन्यांवर जुना माल गोळा करून त्याची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी आहे. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून जवळचं केंद्र विचारा. एका कॉम्प्युटरसाठी कुणी खेड्यात येत नाही, म्हणून आम्ही आठ गावांचं एकत्र करतोय. बंद मोबाईल, चार्जर, सीएफएल बल्बसुद्धा. सीएफएलमध्ये पारा असतो, ते न फोडता पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा.

वहिनींनी कॉम्प्युटर द्यायच्या आधी एक काम केलं. डिस्कवर मुलाचे शाळेतले फोटो होते, नातीच्या बारशाचे होते, आणि एका फाइलमध्ये त्यांनी शिकताना पन्नास वेळा टाइप केलेलं स्वतःचं नाव होतं. फोटो उतरवून घेतले. ती फाइलही ठेवली. मेकॅनिक पोरगा म्हणाला, काकू, हे कशाला? वहिनी म्हणाल्या, राहू दे, जागा किती लागते.

मॉनिटर सध्या ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे, पाच-सहा जुन्या मोबाईलच्या पिशवीशेजारी. आमच्या आठ गावांचा टेम्पो पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी निघेल. ज्या गटांना माल द्यायचा आहे त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडं नाव लिहावं. डिस्क आधी काढून ठेवा.